बारावी प्रत

ब्रनो शहरात, तिसऱ्या मजल्यावर,
झ्दिस्लावा क्रझेपेलोव्हा टाइप करते.
बारा कागद, अकरा कार्बन,
कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ.
पहिली प्रत काळीभोर,
सहावीला धाप लागलेली,
बारावी म्हणजे काचेवर श्वास सोडून
बोटानं लिहावं, तशी.
ती ओस्ट्राव्हाला जाते, खाणीतल्या माणसांकडे.
त्यांना अंधाराची सवय असते, ती म्हणते.

कादंबरी कुणाची, तिनं विचारलं नाही.
लिहिणारा हल्ली शाळांच्या खिडक्या पुसतो.
तिच्यात एक गाव आहे, ज्याची घंटा
महायुद्धात उतरवून नेली, वितळवायला;
तेव्हापासून बँडमास्तर रोज दुपारी
चर्चच्या मनोऱ्यावर चढून बिगूल फुंकतो.
बारा वेळा.
एखादी फुंक चुकली तर गाव जेवायला बसत नाही:
अकराच झालेत.

वरच्या मजल्यावर म्हातारा ह्राखोव्हेत्स
सात वाजले की ट्यूबा काढतो.
पोल्का, आणि जोरात,
खालची टकटक बुडावी इतकी.
दोघांत याबद्दल कधी शब्द झाला नाही.
तो श्वास घ्यायला थांबला
की तीही थांबते, बोटं हवेत.
वाक्यं त्यामुळे भलत्याच ठिकाणी तुटतात.

एक अक्षर ती यंत्रावर मारत नाही.
ते फक्त यांच्याच तोंडात आहे,
र आणि झ दातांच्या एकाच फटीतून;
पोरांना शाळेत जाईतो जमत नाही,
परक्यांना जन्मात नाही.
तिच्या आडनावातच ते बसलंय.
तिच्या यंत्रावर ते डावीकडे कलतं,
आणि पोलिसांकडे यंत्रांचेही ठसे असतात,
चोरांच्या बोटांचे असतात तसे.
म्हणून ती साधा र मारते
आणि रात्री, ट्यूबा निजल्यावर,
दौत उघडून, जिथे हवी तिथे,
डोक्यावर हातानं आकडी देते.
पानाला तीसेक. गुणिले बारा.

ते आले तेव्हा नाताळला दोन दिवस होते.
न्हाणीतल्या टबात कार्प पोहत होता,
सगळ्या शहराच्या टबांत असतो तसा,
आणि सगळं शहर बिनआंघोळीचं.
टबाखाली, मेणकापडात, सातवं प्रकरण.
लेफ्टनंटनं बाही वर केली.
मासा त्याच्या मनगटाला तोंड लावून बघू लागला.
"किती किलो?"
"अडीच."
"आमच्याकडे पोरींनी नाव ठेवलंय.
आता मारायचा कुणी."
बाही खाली घेतली त्यानं.
यंत्राचा नमुना तेवढा नेला,
ते अक्षर ओळीनं वीस वेळा.
वीसही वेळा डावीकडे कललं.
फायलीत गेलं. कशाशीच जुळलं नाही.

ह्राखोव्हेत्स एका मार्चमध्ये गेला.
मयतीला बँड होता, पण खालचा सूर नव्हता.
तो त्याचाच असायचा.
त्याच वर्षी नोव्हेंबरात
लोकांनी चौकांत उभं राहून किल्ल्या वाजवल्या,
तिनं घराची, तळघराची आणि पोस्टाच्या पेटीची.
मग कादंबरी छापून आली, जाड पुठ्ठ्यात.
तिनं उघडली.
आकड्या सगळ्या सारख्या.
मिटली.

परवा, शहाऐंशी पुरी झाल्यावर,
ओस्ट्राव्हाहून पार्सल. कुणाची तरी नात लिहिते:
आजोबांच्या कपाटात होतं. पानं कोरी दिसतात,
पण त्यांनी कधी टाकू दिली नाहीत.

खरंच. कार्बन हाताहातांत पुसून गेलेला,
अक्षर एक नाही.
राहिल्यात फक्त शाईच्या आकड्या,
पानभर, खालीवर,
बर्फावरून लांब जाणारे कावळे दिसावेत तशा.

ती चष्मा पुसते.
पहिलीवर बोट ठेवते,
दुसरीपर्यंतचं अंतर बघते
आणि वाचू लागते, मोठ्यानं,
मध्येच, भलत्याच ठिकाणी,
श्वासासाठी थांबत.