हिडकलला, वाऱ्याच्या दिवशी

सकाळपासून गळ पाण्यात,
पाणी गळाचं ऐकत नाही.
मोनाप्पा म्हणतो, मरळ आज तळ सोडायची नाही.
शेजारच्या खडकावरून बाळेश ओरडतो,
"गाळी री, गाळी!"
त्याच्या बोलीत वारा,
माझ्या कानात नुसता गाळ.

तिसरं गांडूळ कुणीतरी फुकट खाल्लं.
भाकरीला वाळूची कचकच.
बूच हलतं, लाट.
बूच हलतं,
लाटच.

चार वाजता दोरी ताणली.
तिघंही उठलो, बाळेशची बिडी पाण्यात.
वर आली चप्पल, डाव्या पायाची,
आत बोटाएवढा खेकडा.

मोनाप्पानं खेकडा सोडला पाण्यात.
चप्पल खडकावर ठेवली,
वर दगड, उडू नये म्हणून.
न जाणो, कुणी शोधत आलं तर.