माकडहाड

मिरकरवाड्याच्या जेटीवर पाय सटकला.
फोटो उजेडावर धरून शिरधनकर डॉक्टर म्हणाले,
माकडहाडाला मार बसलाय.
आणि गुडघ्यातली कूर्चा झिजलीय,
ती काही परत यायची नाही.

दुखत होतं, तरी हसलो.

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी या दोघांची धूळ पुसली.

खिडकीकडच्या बरणीत ती.
होडेकरांच्या शहाबुद्दीनच्या जाळ्यात आलेली,
तीनशे वाव खालून.
लिलावात कुणी हात लावेना,
म्हणून आमच्याकडे.
मुशीच्या नात्यातली, पण मुशीसारखी नाही.
डोळे हिरवे होते, फॉर्मॅलिनने पांढरे केले.
डोक्यावर शिवण, कुणी घाईत टाके घातल्यासारखी.
अंगात एक हाड नाही.
जिभेला हाड नसतं म्हणतात;
ही तर डोक्यापासून शेपटीपर्यंत जीभ,
आणि एक शब्द नाही.

कपाटात तो, तारेत ओवलेला.
चिठ्ठीवर: सिंहपुच्छ वानर, शरावतीचं खोरं.
आयाळ गेली, कातडं गेलं,
फणसाचे गरे साठवायची गालफडं गेली.
शेपटीचे मणके मात्र सगळे आहेत,
शेवटचा मुगाएवढा.

तिच्या शेपटीला लोक उंदराची म्हणतात,
याच्या शेपटीला सिंहाची.
दोघांनाही विचारलं नसणार.

खातू मॅडम शिकवायच्या:
याची मोजदाद होते.
झाडाखाली वही घेऊन माणसं उभी राहतात,
फांदीला फांदी पोचत नाही
तिथे रस्त्यावरून दोर बांधतात.
आणि हिची?
मॅडमनी खडू तसाच धरला.
हिची कुणी मोजलेली नाहीत.
मागच्या बाकावरून राजिवड्याची नफीसा म्हणाली,
म्हणजे संपली तरी कळायचं नाही?
मॅडम म्हणाल्या, लिहून घ्या, पुढचा मुद्दा.
मी बरणीचं झाकण घट्ट केलं.
घट्टच होतं.

आता रिक्षाच्या ट्यूबवर बसून असतो.
संध्याकाळी ट्रॉलरचे दिवे लागतात,
इतके लांब की खाली किती पाणी आहे
ते दिव्यांनाही माहीत नसावं.
उठताना गुडघ्यात हाडावर हाड घासतं,
मधली ती निघून गेली.
बसताना खालचा तो ठणकतो,
शेपटी तुटलेल्या जागी.

बायको विचारते, काय दुखतंय?
मी म्हणतो, कोण दुखतंय असं विचार.

ती काही बोलत नाही.
मुशीच्या तेलाची बाटली
गरम पाण्यात ठेवते.