दोन हजारांच्या पुढे

ओउलूत नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
दिवसभर मी लोकांचे कान तपासते.
काचेच्या खोलीत बसवते, हेडफोन चढवते,
"ऐकू आलं की बटण दाबा," म्हणते,
आणि आलेखावर एकेक फुली मारत जाते.
म्हाताऱ्यांची रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत बरी चालते,
मग जिन्यावरून पाय घसरावा तशी
खाली.

रात्री हेडफोन माझ्या कानावर.

चार आवाजांचं यंत्र होतं ते.
दोन चौकोनी, एक त्रिकोणी, चौथा नुसता खरखराट:
त्यालाच ढोल म्हणायचं, त्यालाच लाटा, त्यालाच स्फोट.
एवढ्या भांडवलावर कुणीतरी संसार थाटला होता:
'दीपगृहाचा रखवालदार', चौथी पातळी, बर्फाची गुहा,
अडतीस सेकंद,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
नऊ वर्षांची होते. नाताळची अख्खी सुट्टी
त्या गुहेत अडकून काढली मी.
किती वेळा वाजलं असेल ते आईला विचारा,
भिंतीपलीकडे ती रात्रपाळीची झोप काढायची.

आता त्याच गुहेतून लोक काय काय बाहेर काढतात!
एकाने गिटार एवढी तापवली
की पहिल्याच ओळीत बर्फाचं पाणी.
एकीचा पाय पियानोच्या पेडलवर राहिला तो राहिलाच.
एक पठ्ठ्या मूळचंच उचलतो, खाली ढोल बडवतो,
आणि सोबत पत्र लिहितो, तीन पानी.

नियम साधा आहे, म्हणूनच अवघड.
मूळ चाल अर्ध्याहून जास्त वेळ ओळखू यावी,
आणि तरी ती तीच नसावी.
वीस वर्षांनी रस्त्यात पाठमोरा दिसलेला वर्गमित्र
चालीवरूनच कळावा, तशी.
मी स्टॉपवॉच लावून बसते.

दोनशे बारावी प्रवेशिका. पाठवणारा: रौनो, गाव नाही.
गोटेनबर्गच्या शेलने लिहिलं: काच खरवडल्यासारखं. नाही.
ओदायर म्हणाला, माझा कुत्रा खोलीतून निघून गेला. नाही.
मेव्ह एरवी दहा ओळी लिहिते,
तिने एकच लिहिली: मांडणीत जीव आहे, ऐकवत नाही.
पाचामुखी परमेश्वर;
तीन मुखं बोलून झाली होती.

मी लावलं, आणि दात शिवशिवले.
झांजा नव्हे, सुया. बासरी नव्हे, शिट्टी.
काढणारच होते हेडफोन,
पण सवयीने पडद्यावरचा आलेख पाहिला:
दोन हजारांपर्यंत सपाट,
आणि मग रेघ
वर.
एकेक पायरी, न चुकता, वर.

ही रेघ मी ओळखते.
रोज पाहते, उलटी.
त्याची घसरण आणि ही चढण एकमेकींवर ठेवली
तर समुद्र गोठल्यावर दिसतो तसा
एक सपाट पांढरा पट्टा उरेल.
तिथे बसून ऐकतो रौनो.

मग मी वरची बाजू उतरवली, जिना त्याच्याकडून माझ्याकडे,
आणि ऐकलं.
अडतिसाव्या सेकंदाला गुहा पुन्हा सुरू होत नाही त्याच्याकडे.
तिथे तो थांबतो, अर्धा श्वास,
आणि चेलो बाहेर येतो, उघड्यावर,
जिकडे दार आहे हे मला माहीतच नव्हतं.

पण आलेलंच तोलायचं असतं,
आपण सावरून घेतलेलं नाही.
मी 'नाही'वर खूण केली.
खाली लिहिलं: वरचे सूर उतरवून पुन्हा पाठवा. वाट पाहते.
त्याखाली आणखी एक वाक्य लिहिलं,
जे मी दिवसा पगार घेऊन सांगते.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, जरा मऊ. खोडलं.

स्टॉपवॉच बंद करायचं राहिलं होतं:
एकेचाळीस मिनिटं, आणि चालूच.