सप्टेंबरचा डिसेंबर

आडनाव सप्टेंबर.
कुणा खापरपणजोबाला ज्या महिन्यात जहाजातून उतरवलं,
तोच महिना मालकाने वहीत त्याच्या नावापुढे लिहिला
आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला.
आमच्या बँडमध्ये दोन एप्रिल होते, एक फेब्रुवारी,
पण टेनर सॅक्सोफोन एकच, सेड्रिक सप्टेंबरचा.

नाताळच्या आदल्या रात्री, बारा वाजून गेले
की आम्ही अ‍ॅथलोनच्या गल्ल्यांतून पायी निघायचो.
क्रीम ब्लेझर, तपकिरी टाय,
बुटांना एवढं पॉलिश की रस्त्यावरचा दिवा पायात हलायचा.
मी चौदाची. दुसरा आल्टो.
म्हणजे पहिल्या आल्टोच्या सावलीत चालायचं, बास.
कॅप्टन अ‍ॅडोनिस छडी उचलायचा
आणि चाळीस डाव्या टाचा एकदम पडायच्या.

गाणी तीच. गोठा, तारा, मेंढपाळ
आणि बर्फ.
केवढा तो बर्फ!
केपटाउनला डिसेंबरात कलिंगडं येतात,
आग्नेयेचा वारा टोप्या पळवतो,
ब्लेझरच्या आत पाठीवरून घाम उतरतो.
डोंगरावर ढग अंथरला की आई म्हणायची,
बघून घे, एवढाच आपला बर्फ.

सप्टेंबरकाका रात्रभर सरळ वाजवायचे.
दारोदार. लिहिलंय तसं.
प्रत्येक घरी टेबल मांडलेलं: समोसे, मटणाचे पाय,
आल्याचं गार सरबत,
आणि समोरच्या गादिजा आंटीने आपला सण नसताना
तळून पाठवलेले, खोबऱ्यात घोळवलेले गोड गोळे.
आम्ही खायचो, वाजवायचो, पुन्हा खायचो.

त्या वर्षी शेवटचं घर विल्मा फॉर्टुइनचं.
तिचा पर्सी डबल बास वाजवायचा,
बंदराजवळच्या क्लबात, काकांच्या शेजारी, एकवीस वर्षं.
मार्चमध्ये गेला.
बास अजून कोपऱ्यात उभा होता,
त्याच्या मानेवर पर्सीची टोपी.

उजाडत होतं. छडी उठली.
झोपेतही येतं असं गाणं आम्ही सुरू केलं
आणि दुसऱ्या कडव्याला सप्टेंबरकाका समेवर आलेच नाहीत.
मला वाटलं, चुकले.
मग आले. उशिरा.
अंधारात जिना उतरताना
पायरी संपली की आहे अजून एक,
असं चाचपत माणूस उतरतो, तसे.
चाल ओळखीची होती. म्हणजे घर तेच,
पण कुणीतरी सगळ्या खुर्च्या हलवल्या होत्या.
मेंढपाळ जरा पिऊन परतत होते,
तारा पार छपराला टेकला,
गोठ्यात बाळ नव्हे, बाळाचा बाप जागा होता,
उद्याच्या भाड्याचा हिशेब करत.

कॅप्टनची छडी हवेतच राहिली.
एकेक वाद्य खाली आलं. माझंही.
फक्त बॅंजोवाल्या फेब्रुवारीने
बोटाच्या पेराने ठेका धरून ठेवला.

आणि तो वरचा सूर,
ज्याच्यासाठी सगळं चर्च माना उंचावतं,
तो काकांनी वाजवलाच नाही.
त्याच्याएवढी जागा सोडली.
वाट पाहिली.

स्वयंपाकघरातून, हातात बशा, पाठ आमच्याकडे,
विल्माने तो सूर गुणगुणला.
जरासा बेसूर. खाली, अगदी खाली,
बाईच्या गळ्याला न झेपेल इतका.
बशा ठेवल्याचा आवाज आला.
काकांनी तिथून पुढचं उचललं.

बाहेर आल्यावर कॅप्टन म्हणाला,
स्पर्धेत असलं केलंस तर गुण कापतील, सेड्रिक.
काका रीड पुसत होते.
कापू देत, म्हणाले. नंतर, जरा थांबून,
त्या जागी मी गप्पच असायचो रे.
ती जागा पर्सीची.

ऊन चढलं होतं. माझे बूट चावत होते.

जानेवारीत एका दुपारी, घरात कुणी नाहीसं बघून
मीही तेच गाणं काढलं
आणि वरचा सूर मुद्दाम गाळला.
थांबले.
वाऱ्याने मागचं दार आपटलं.
मागच्या अंगणात कपडे वाळत घालणारी आई ओरडली,
काय गं, विसरलीस का?