तूट

दीपनगरहून शंभर निघाले,
शेवटच्या मीटरवर पावणेसत्त्याण्णव उतरले.
मधले सव्वातीन
कोणी चोरले नाहीत. तार तापली, इतकंच.

भुसावळच्या ऑफिसात ही तूट वाटायचं काम माझं.
सगळ्यांवर सारखी, की अंतराप्रमाणे?
धडगाव म्हणतं, हा डोंगर आम्ही मागितला नव्हता.
वरणगाव म्हणतं, आम्ही तर उंबऱ्यातच.
दोघांचं बरोबर आहे,
आणि रकाना एकच आहे.

त्यात भार दुप्पट झाला की तूट चौपट.
मग सगळ्यात शेवटी पंप सुरू करणाऱ्याच्या माथी
आधीच्यांची धगही मारायची का?
सूत्र यावर बोलत नाही.

रविवारी बामणोदला भरीत होतं.
वीस किलो वांगी, तुरीच्या काड्यांचा जाळ.
सालं गेली, पाणी गेलं.
बडगीत ठेचलेलं सुपडूअण्णांनी तोलून पाहिलं:
अकरा.
"नऊ किलो गेले कुठे?" पुण्याच्या पाहुण्याने विचारलं.
"शिजाले गेले, भो."

वर्गणी अण्णांनी वांग्यांवर धरली, भरितावर नाही,
माणशी सारखी.
फक्त देवचंद पावराचे पैसे
त्याच्याच खिशात परत कोंबले.
तो धडगावहून रात्रीच्या एसटीने आला होता, अर्धा रस्ता उभ्याने.
"तुहं येन्यातच गेलं बरंच."

सोमवारी मी तक्ता उघडला.
अण्णांचा हिशोब बसेल
असा रकाना त्यात नव्हता.
धडगावच्या आकड्यापुढे
पेन्सिलीने एक टिंब दिलं,
साहेबांना खोडता येईल
एवढंच.