तोंड रस्त्याकडे

आधी दारं काढली.
मग रियाजने केबिनच्या पोटात नळीची फुली वेल्ड केली,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
नाहीतर उचलताना पत्रा जबडा फाकवतो, म्हणाला,
मग दारं पुन्हा लागतच नाहीत,
कितीही आपटा.

बोल्ट चार.
तीन रात्रभर डिझेल पिऊन सकाळी ऐकले.
चौथा ड्रायव्हरच्या पायाखालचा.
त्याला कापावं लागलं.
आबा तेवढ्यापुरते आत जाऊन पाणी पिऊन आले.

ट्रक इथं उभा केला तेव्हा समोर भाताचं शेत होतं.
मग एक चाळ आली, मग चार मजले,
मग त्या चार मजल्यांचा जिना.
ट्रक जागचा हलला नाही,
घणसोलीच त्याच्याभोवती पार्क झाली.
आता बाहेर न्यायचा तर तुकड्यांनी,
गल्लीतून, बांधाजवळच्या शेडपर्यंत.
भोईरांच्या जिन्यापाशी सात फूट पाच इंच,
केबिन सात फूट तीन.
माप माझं. तीनदा घेतलेलं.
तरी रात्री झोपेत तो जिना
बोटभर पुढे सरकायचा.

तीन पाइपांची तिकटी, वर चेनकप्पी.
खडखड खडखड, एकेक कडी,
आणि एका क्षणी रबरानं चासी सोडली,
चिकटलेला ओठ सुटावा तसा आवाज.
केबिन हवेत. किंचित फिरली,
कोण आलंय ते बघितल्यासारखी.
सपाट टायरांवरची चासी हातभर हातभर मागे ढकलली
आणि खाली दोन स्लीपर सारले.

मग खांदे लावले, नऊ जणांनी.
कोणीतरी म्हणालं, हलकी आहे रे!
खरंच हलकी होती.
एकतीस वर्षं, अंकलेश्वर, हुबळी, इंदूर,
घाटात उलटं येणारं सगळं जग,
आणि आबांच्या आणि त्या जगाच्या मध्ये
नऊ माणसांना उचलेल एवढाच पत्रा.
आईनं पदर तोंडाला लावला.
हसली की काय, कळलं नाही.

ओंडके खाली घातले, होडीखालचे,
चांगदेवकाकांच्या जुन्या होडीचे,
माशाचं तेल अजून त्यांना वास देत होतं.
मागचा ओंडका सुटला की उचलायचा,
धावत पुढे आणून टाकायचा.
काकांनी हाळी दिली, सगळ्यांनी जोर केला.
केबिन हलेना.
आत बघितलं तर आबा.
सीट नाही, स्टिअरिंग नाही,
उलट्या बादलीवर बसलेले,
उजवा हात खिडकीबाहेर.

आबा, उतरा.
"कोन तरी आत पायजे ना."

उतरले नाहीत.
मग त्यांच्यासकट ढकलली.
हातानं सांगायचे, थांब, येऊ दे, येऊ दे.
मढवीकाकूंनी सुकटीची सूपं उचलली,
एका स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला,
आबांनी त्याला हात दाखवून पुढे जायला सांगितलं
आणि तो, का कोण जाणे, गेलाही.
जिन्यापाशी डाव्या बाजूला एक इंच उरला,
उजव्या बाजूला माझी नखं.

शेडमध्ये चार ड्रम, वर फळ्या.
एक ड्रम हलत होता,
त्याच्याखाली जुन्या हौद्याच्या फळीची पाचर मारली.
पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.
रियाजनं हात धुतले.
वडापाव आले.
नऊ जण जिथं होते तिथंच खाली बसले.

आबा लोखंडाभोवती एक फेरी मारून आले,
समोर उभे राहिले,
मागे भिंत, मध्ये दोन वीत जागा.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"गारीचा तोंड रस्त्याला पायजे.
सकाली निंगाचा झाला तर?"

कोणी काही बोललं नाही.
चांगदेवकाकांनी उरलेला वडा कागदात गुंडाळला,
खिशात घातला
आणि पहिला ओंडका उचलायला उठले.