भट्टीच्या पत्र्यावरचा हिशेब

थंडर बे. नोव्हेंबर. उणे एकोणीस.
तळघराचा जिना उतरताना मारिसेल म्हणाली,
“पोराला शाळेत खोकला नसतो.
घरी आला, भट्टी घरघरली, की अर्ध्या तासात सुरू.
डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण घर बघा.”

घर बघायलाच येते मी. बावीस वर्षं.
मला कुणी बैठकीत बसवत नाही,
शर्टावर शिवलेलं नाव वाचतात, डार्लीन,
आणि थेट घराच्या पोटात पाठवतात.

भट्टी जुनी, पण भली.
फिल्टर ओढला तर निघेना,
हिसका दिला तेव्हा आला.
फिल्टर कसला, गोधडी!
राखाडी, मऊ, बोटभर जाड:
मांजराचे केस, आणि यांच्याकडे मांजर नाही,
गालिच्याची लव, अंगाचा कोंडा,
कुठल्याशा उन्हाळ्यातले बर्चचे पराग,
आणि धुळीतल्या किड्यांचं सगळं गणगोत
जे डोळ्यांना दिसत नाही,
छातीला कळतं.

“घर विकताना बोलले नाहीत कुणी,” ती म्हणाली.
कोण बोलतं?
छप्पर दाखवतात, नळ सोडून दाखवतात.
श्वास कुठून येतो, ते राहूनच जातं.

विजेरी वळवली तेव्हा पत्र्यावर अक्षरं दिसली.
सुतारी पेन्सिल. बारीक, डावीकडे कललेली.

१९८६, ऑक्टोबर. बदलला.
१९८७, जानेवारी. बदलला. उणे सदतीस.
१९८७, मे. बदलला. आइनोला शिंका.
मग नुसतं बदलला, बदलला, बदलला,
जपमाळ ओढावी तसं, दर तीन महिन्यांनी.
१९९६. बदलला. जंगलाचा धूर, महिन्यात दुसऱ्यांदा.
२००३. बदलला. आइनो टोरांटोला गेली.
२००४. बदलला. मांजर आणलं. माझं कुणी ऐकत नाही.
२०११. बदलला. आता मांजरच ऐकतं.
२०१९, मार्च. बदलला. जिना फार झाला.

त्याखाली हातभर कोरा पत्रा.

मी नळ्यांत झोत सोडला, मोठी सोंड लावली.
घर खाकरलं, एकदा, दोनदा.
चाळीस वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी
नळीत टाकलेला डब्याचा कागद निघाला,
एक हॉकीचं पत्तं, बारा अक्रोड, खारीचे असावेत.
उन्हाळ्यात गारवा देणारं तांब्याचं वेटोळं
मऊ ब्रशने धुतलं;
खालच्या तबकात पाणी साठून
काळी बुरशी धरली होती,
तिचा निचरा तुंबलेला, तो मोकळा केला.
“दमटपणा चाळिशीच्या आत ठेवा,” मी म्हटलं,
“खिडकीच्या काचेला घाम आला, की समजा जास्त झाला.”

“बरा होईल ना तो?”

हा प्रश्न मला बिलात धरता येत नाही.
“मी डॉक्टर नाही, ताई.
त्याच्या भांडणातला एक गडी मी कमी केला.
बाकीचे उशीत असतील, गादीत असतील.”

तोवर रेन्झ पायऱ्यांवर येऊन बसलेला,
नऊ वर्षांचा, खिशात पंप, हातात केळं.
नव्या फिल्टरच्या कडेवरचा बाण दाखवून म्हणाला,
“हा कुठे बघतो?”
“भट्टीकडे. हवा जिकडे जाते तिकडे.
उलटा बसवलास, तर लवकर दमतो बिचारा.”
त्यानेच सरकवला. नीट.

मग पत्र्याशी उकिडवा बसून
त्याने सगळी यादी वाचली, ओठ हलवत.
मांजरापाशी हसला.
खिळ्याला सुतळीने बांधलेला पेन्सिलीचा थोटूक
मला दिसला नव्हता, त्याला दिसला.
कोऱ्या जागेत, जरा वाकडं, पण ओळीखालीच ओळ:
बदलला. रात्री तीनदा खोकलो. उद्या मोजीन.

मारिसेल काही बोलली नाही.
पेन्सिल बोथट झाली होती,
ती वर जाऊन सुरी घेऊन आली.

गाडीत बसून मी नाक शिंकरलं. काळं.
इंजिन तापेपर्यंत हात काखेत धरून आठवत राहिले,
माझ्या घरचा फिल्टर
मी शेवटचा कधी बदलला होता.

आठवेना.